आधी झाका, मग फवारा: शिमर स्प्रे आणि मास्कने सजवलेलं स्क्रॅपबुकचं पान

शिमर स्प्रेची बाटली हातात आली की कुणालाही एकच सुचतं, कागद समोर घ्यायचा आणि फवारायला लागायचं. चकाकी दिसते, बरं वाटतं, हात थांबत नाही आणि बघता बघता अख्खं पान एकसारखं चमचमायला लागतं. मग त्यावर फोटो लावला की फोटोकडे कुणाची नजरच जात नाही. स्क्रॅपबुकचं पान फोटोसाठी असतं. त्यामुळे कागदाचा कुठला भाग कोरा राहायला हवा हे आधी ठरवायचं, तो मास्कने, म्हणजे कागदावर ठेवलेल्या एखाद्या आकाराने, नीट झाकायचा आणि मगच बाटलीला हात लावायचा. फवारणं सोपं आहे, ते दोन-चार रद्दी कागदांवर जमतं. झाकण्याचा विचार मात्र शिकावा लागतो, म्हणून या लेखात भर त्यावर जास्त आहे.

बाटलीत काय असतं

शिमर स्प्रेत पाणी, रंग, अभ्रकाची बारीक पूड आणि ती पूड कागदाला धरून ठेवणारा काहीतरी चिकट पदार्थ असतो. अभ्रकाचे पापुद्रे सुटतात हे शाळेत पाहिलेलं असतं. पूड कितीही बारीक केली तरी कण चपटेच राहतात. कागदावर ते आडवे बसतात आणि छोट्या आरशांसारखा उजेड परत फेकतात. या कणांवर कारखान्यात टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवतात. थर किती जाड यावर चमक रुपेरी दिसणार, सोनेरी दिसणार की निळसर-हिरवट, हे ठरतं. तांब्याची किंवा ब्राँझची झाक हवी असेल तर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो.

हे सगळं सांगायचं कारण, त्यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली, अभ्रक पाण्यापेक्षा जड आहे. बाटली टेबलावर ठेवून तुम्ही चहा आणायला गेलात तरी ते तळाशी बसतं. म्हणून प्रत्येक वेळी फवारण्याआधी बाटली आडवी-उभी करून हलवायची आणि तळाचा गाळ पूर्ण उठला का ते उजेडासमोर धरून बघायचं. नुसतं वरचं पाणी फवारलं तर कागदावर रंग येतो, चमक येत नाही, आणि आपण उगाच बाटलीला नावं ठेवतो. दुसरी, चमक कोनावर अवलंबून असते. पान सपाट ठेवून वरून पाहिलं तर ती बरेचदा दिसतच नाही. खिडकीजवळ जाऊन पान हातात तिरकं करून पाहा आणि मगच अजून हवं का ते ठरवा. पुरेशी चमक आलेली असताना ‘दिसत नाही’ म्हणून आणखी दोन थर मारले जातात, ते याच कारणाने.

बाटलीतला रंग कसला आहे हेही माहीत हवं. डायचा, म्हणजे पाण्यात विरघळणारा, रंग वाळल्यावरसुद्धा पाणी लागलं की पुन्हा सुटतो. ॲक्रिलिक एकदा वाळलं की हलत नाही. लेबलावर लिहिलेलं नसेल तर रद्दी कागदावर एक ठिपका वाळू द्या आणि ओल्या बोटाने घासा. बोट रंगलं तर डाय समजायचा. दोन्ही चांगले आहेत, फक्त एकावर दुसरा थर देताना वागणं वेगळं असतं.

काय आणायचं, काय घरी करायचं

लिंडीज, रेंजर अशा परदेशी कंपन्यांचे तयार स्प्रे ऑनलाइन मिळतात आणि ते उत्तमच असतात, पण सुरुवातीला एकदम सहा-सात रंग घेऊ नका. एक गडद, एक फिका आणि एक नुसता मोतिया किंवा सोनेरी, एवढे तीन रंग बराच काळ पुरतात. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास, हस्तकलेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथे तयार स्प्रे नाही मिळाला तरी तो करायचं साहित्य मिळून जातं.

घरी करायचा तर रेझिनच्या कामासाठी विकतात ती मायका पावडर, म्हणजे अभ्रकाची पूड, घ्या. चमकी घेऊ नका. चमकीचे तुकडे मोठे असतात, नोझल लगेच तुंबतं. ६० मिलीच्या बाटलीत साधारण ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, पाव छोटा चमचा मायका पावडर, रंगासाठी लिक्विड वॉटरकलरचे किंवा शाईचे थेंब आणि अर्धा चमचा मॅट मीडियम (रंगात मिसळायचा बिनचमकीचा चिकट द्रव) एवढं पुरतं. मॅट मीडियम नसेल तर बाभळीचा डिंक पाण्यात रात्रभर भिजवून, पातळ फडक्यातून गाळून चमचाभर घाला. डिंकाच्या पाण्याला आपल्या हवेत लवकर बुरशी येते, त्यामुळे ते काम असेल तेव्हा ताजं करा. बोअरवेलच्या जड पाण्यात क्षार असतात, ते नोझलमध्ये साठतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर. ते औषधांच्या दुकानात मिळतं.

मिश्रण झालं की काळ्या कागदावर एक फवारा मारून पूर्ण वाळू द्या आणि बोटाने हलकेच पुसून बघा. बोटावर चकाकी आली तर चिकट पदार्थ कमी पडलाय, अजून थोडा घाला. ही चाचणी टाळू नका. सुटी पूड फोटोवर जाऊन बसली की फोटो न ओरखडता ती काढणं फार कठीण जातं. आणि कोरडी पावडर बाटलीत घालताना पंखा बंद, नाकातोंडावर रुमाल. ती पूड श्वासातून आत जाणं चांगलं नाही.

बाटलीसाठी सॅनिटायझरच्या पेनासारख्या छोट्या स्प्रे बाटल्या मिळतात, त्या मला आवडतात. फवारा बारीक आणि गोल पडतो. केसांना पाणी मारायच्या मोठ्या बाटलीतून टपोरे थेंब पडतात, मास्कच्या कामाला ते चालत नाहीत.

कागदाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. साधा चार्ट पेपर ओला झाला की फुगतो, सुरकुततो. वॉटरकलरचा ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) कागद घ्या, तो ओल सहन करतो. कार्डस्टॉक, म्हणजे जाड ताठ कागद, वापरायचा तर निदान २५० जीएसएमचा आणि ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला). स्क्रॅपबुकचं रूढ पान १२ बाय १२ इंचाचं असतं कारण अल्बम त्या मापाचे येतात, पण पहिली काही पानं ए-४ वर केली तरी काही बिघडत नाही. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी मिळणारा सुती चिंध्यांचा कागद दिसायला फार देखणा असतो. त्यात एकच अडचण, तो कागद पाणी पटकन पितो आणि मास्कची कड पसरते. त्याला आधी जेसोचा (चित्रकार रंगाआधी लावतात त्या पांढऱ्या अस्तराचा) एक पातळ हात द्या, वाळू द्या आणि मग वापरा. जेसोमुळे रंग कागदात न मुरता वर राहतो. त्याचा फायदा असा, की चमकही जास्त दिसते आणि चुकलेला ठिपका ओल्या टिश्यूने टिपून काढता येतो.

मास्क आणि स्टेन्सिल

स्टेन्सिलमध्ये आकार कापून काढलेला असतो आणि त्या भोकातून रंग कागदावर पडतो. मास्क उलटा. तो आकार स्वतः कागदावर बसतो, रंग त्याच्या आजूबाजूला पडतो आणि उचलल्यावर आकार कोरा राहिलेला दिसतो. सुरुवात मास्कने करावी असं माझं ठाम मत आहे. स्टेन्सिलमधून पडलेला रंग जरा जरी पसरला तरी सगळी नक्षी बिघडलेली दिसते. मास्कच्या कडेने थोडा रंग आत घुसला तरी ते पानाफुलांच्या आकारात सहज खपून जातं.

विकतचे मास्क प्लास्टिकचे असतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. घरी करायचे तर ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा ताव, घ्या, खाली चित्र ठेवून मार्करने कड काढा आणि कटरने कापा. जुन्या एक्स-रे फिल्मही चालतात. कापडावर पेंटिंग करणाऱ्या बायका त्या वर्षानुवर्षं वापरत आल्या आहेत. थोडी जाड असल्यामुळे एक्स-रे फिल्म कागदावर सपाट बसते, हा तिचा मोठा गुण. कापताना कटर स्थिर ठेवा आणि फिल्म फिरवा, वळणं गुळगुळीत येतात.

याशिवाय घरात न कापता मिळणारे मास्क कितीतरी आहेत. कांद्याच्या पिशवीची जाळी पार्श्वभूमीला सुंदर पोत देते. जुन्या लेसचा तुकडा, किंमत लिहायचे गोल स्टिकर, केकखालचा नक्षीचा कागद, सगळं चालतं. माझा सगळ्यात आवडता मास्क म्हणजे झाडांची पानं. नेचाचं पान, शेवग्याची किंवा गुलमोहराची डहाळी. ती ताजी तोडून लगेच ठेवली तर बसत नाही, देठाकडे उचललेली राहते आणि खालून रंग शिरतो. जाड पुस्तकात टिश्यूमध्ये एक रात्र दाबून ठेवा. ती मऊ असते पण सपाट झालेली असते. जास्त दिवस ठेवली की सुकून ठिसूळ होते आणि पर्णिका गळतात, म्हणून एकच रात्र. फवारताना शेवग्याच्या बारीक पर्णिका हवेने उडतात. देठाला आणि मधल्या शिरेला मागून रिपोझिशनेबल (उचलून पुन्हा लावता येणाऱ्या) गोंदाचे दोन-तीन ठिपके द्या, किंवा टोकांवर छोटी नाणी ठेवा. नाण्यांच्या जागी गोल कोरे डाग राहतात, तेही पानाच्या रचनेत शोभून दिसतात.

स्टिकर आणि मास्किंग टेपला एक काळजी. कागदावर थेट लावले तर उचलताना कागदाचा पापुद्रा निघतो. आधी अंगातल्या कपड्यावर दोन-तीनदा चिकटवून काढा, गोंदाचा जोर कमी होतो.

जागा आणि हात

मिक्सरचा किंवा टीव्हीचा मोठा खोका आडवा करा, आत रद्दी पसरा आणि कागद खोक्याच्या आत ठेवून फवारा. अभ्रकाचे कण उडून कुठे कुठे बसतात याची कल्पना पहिल्या दिवशी येत नाही, दुसऱ्या दिवशी फरशी पुसताना येते. खिडकी उघडी, पंखा बंद.

बाटली कागदापासून साधारण २० ते ३० सेंटीमीटर लांब धरा. जवळून मारलं की एकाच जागी थेंब साचतात, फार लांबून मारलं की अर्धा रंग हवेतच जातो. पहिला दाब नेहमी रद्दीवर द्या, कारण नळीत अडकलेला मोठा थेंब त्या दाबाला बाहेर पडतो. नंतर नोझल पूर्ण आणि जोरात दाबा. हळू, भीत भीत दाबलं की फवारा न होता पिचकारी होते. हात चालता ठेवा. कागदाच्या बाहेरून सुरू करून कागदावरून पलीकडे जायचं.

स्टेन्सिल किंवा मास्कखाली रंग शिरतो तो मुख्यतः साचलेल्या पाण्यामुळे. प्लास्टिक आणि कागद यांच्यातल्या बारीक फटीत पाणी आपोआप ओढलं जातं. म्हणून एक जाड थर देऊ नका, दोन विरळ द्या आणि मध्ये थोडं थांबा. थर झाला की मास्क उचलण्याआधी मास्कवरचे थेंब टिश्यूने टिपून घ्या. घासायचं नाही, वरून दाबून उचलायचं. मग मास्क सरळ वर उचला. बाजूला सरकवला तर कडेला शेपूट उमटतं.

टिपलेल्या टिश्यू फेकू नका. वाळल्यावर त्यांवर मऊ चकाकी राहते आणि त्यांचे फाटके तुकडे पुढच्या पानावर फोटोमागे थर म्हणून लावता येतात. स्टेन्सिलवर उरलेल्या रंगाचंही तसंच. ते उलटं करून ओल्या कागदावर दाबलं की फिकट, आरशातल्यासारखी उलटी नक्षी उमटते. अनेकदा मूळ छापापेक्षा तीच जास्त देखणी वाटते.

एक पूर्ण पान: कासचे फोटो

समजा सप्टेंबरमध्ये साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेला होतात आणि दोन फोटो लावायचेत. एक ५ बाय ७ इंचाचा, सगळं कुटुंब असलेला, आणि एक लहान चौकोनी, फुलांचा जवळून घेतलेला. पान १२ बाय १२ इंच, पांढरा वॉटरकलर कागद.

आधी रद्दीतून फोटोंच्या मापाचे दोन कागद कापा आणि पानावर सरकवून बघा. मोठा फोटो उजवीकडे, मध्याच्या थोडा वर. लहान फोटो त्याच्या खाली डावीकडे, एक कोपरा मोठ्याला टेकलेला. डावीकडे वरचा कोपरा मोकळा राहतो, तो तसाच मोकळा राहू द्या, तिथे मजकूर येणार आहे. जागा पक्की झाली की पेन्सिलने अगदी फिकट खुणा करा.

आता पुढची गोष्ट लक्षात ठेवा, कारण ती फार कामाची आहे. फोटोच्या जागेवर ठेवायचा कागद फोटोपेक्षा सगळ्या बाजूंनी अर्धा इंच लहान कापा आणि रिपोझिशनेबल गोंदाने तिथे चिकटवा. कडा सोडल्या तर फोटोच्या मागे रंग आणि अभ्रक जात नाही, फोटो सपाट चिकटतो, डाय पुढेमागे दमट हवेत सुटला तरी फोटोला पाठीमागून डाग पडत नाही. आणि अर्धा इंच लहान असल्यामुळे रंग फोटोच्या कडेखाली थोडा जातो, मध्ये पांढरी रेघ दिसत नाही.

कासवर त्या दिवसांत तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळसर जांभळा, सोनकीचा पिवळा आणि गेंदाचे पांढरे ठिपके असं सगळं एकदम दिसतं. हे चारही रंग पानावर आणायचा मोह होईल. आणू नका. फोटोंत ते आहेतच. पानावर जांभळा आणि गुलाबी यांना वाव द्या, गेंद मास्कने कोरा ठेवून दाखवा आणि पिवळा अगदी थोडा, शेवटी, कोरड्या कागदावर. ओला जांभळा आणि ओला पिवळा एकमेकांत गेले की मातकट तपकिरी होतो. अभ्रक कितीही असलं तरी तो रंग सावरत नाही.

पहिला थर गुलाबी आणि विरळ. डावा खालचा कोपरा ते उजवा वरचा कोपरा असा तिरका पट्टा मनात धरा आणि त्या पट्ट्यावर कांद्याच्या पिशवीची जाळी ताणून ठेवा. दोन्ही टोकं टेपने खोक्याच्या तळाला चिकटवली की ती हलत नाही. वरून मोतिया-गुलाबी स्प्रे, एकच फेरी. जाळी उचला आणि पूर्ण वाळू द्या. इथे घाई करू नका. कागद वाळला का हे बोटाने कळत नाही, वरून कोरडा लागतो आणि आत ओल असते. हाताची मागची बाजू कागदावर टेकवा. गार लागला तर अजून ओला आहे.

दुसऱ्या थरासाठी किंमतीचे छोटे गोल स्टिकर, कपड्यावर लावून जोर कमी केलेले, पट्ट्यावर विखुरून लावा. हे गेंद. कुठे तीन जवळ, कुठे एक लांब. सारख्या अंतरावर लावले तर भिंतीवरच्या छापासारखे दिसतात. त्यांच्यामध्ये ओएचपी शीटमधून कापलेली पाच पाकळ्यांची फुलं आणि एखादी शेवग्याची डहाळी ठेवा. आता गडद जांभळा घ्या आणि फोटोच्या जागेजवळ दाट, कडेकडे जाताना विरळ असा मारा. पानाच्या कडांपर्यंत रंग न्यायलाच हवा असं नाही. कडेला हाताचा पंजाभर पांढरं राहिलं तर पट्टा उठून दिसतो. टिपा. स्टिकर तसेच ठेवा, पण फुलांचे मास्क उचलून अर्धा सेंटीमीटर बाजूला, सगळे एकाच दिशेला, सरकवून ठेवा आणि त्याच जांभळ्याचा एक अगदी हलका फवारा पुन्हा द्या. आधीच्या कोऱ्या फुलाच्या एका कडेला फिकट जांभळी सावली येते आणि फूल कागदापासून उचललेलं भासतं. एवढ्याशा सरकवण्याने पानाला खोली येते, वेगळं काहीच करावं लागत नाही.

सगळं वाळलं की मास्क आणि स्टिकर काढा. स्टिकर कागदाला जवळजवळ समांतर ठेवून हळू ओढायचा, सरळ वर ओढला तर तो कागद घेऊन येतो. गेंद पांढरेच राहू द्या, मध्ये पेनने एखादी बारीक देठाची रेघ काढली तर पुरे. आता सोनेरी. बाटलीचं झाकण उघडा, नळी बाहेर काढा आणि तिच्या टोकावर बोटाने टकटक करून डाव्या खालच्या कोपऱ्यात पाच-सहा थेंब पाडा. नळीचे थेंब टपोरे असतात आणि वाळल्यावर त्यांच्या कडेला अभ्रक जास्त साचतं, त्यामुळे सोनेरी वर्तुळं दिसतात. ही झाली सोनकी. इथे थांबा.

मजकूर थेट शिमरवर लिहू नका. अभ्रकाचे कण पेनाच्या टोकात अडकतात आणि चांगला पेन कायमचा खराब होतो. वेगळ्या कागदाच्या पट्टीवर पिगमेंट शाईच्या (पाण्याने न पसरणाऱ्या शाईच्या) पेनाने तारीख, सोबत कोण होतं, पाऊस होता की धुकं, कुठे थांबून काय खाल्लं ते लिहा आणि ती पट्टी मोकळ्या कोपऱ्यात चिकटवा. माणसांची नावं लिहायला विसरू नका. आत्या कोण आणि मावशी कोण हे आपल्याला माहीत असतं, नातवंडांना नसतं.

वाळवणं, आणि काही बिघडलं तर

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये एक थर वाळायला कधी अर्धा दिवस जातो. हेअर ड्रायर चालतो, पण फवारल्यावर लगेच लावला तर हवेने थेंब पळतात आणि ओघळ उमटतात. एक-दोन मिनिटं रंग कागदात बसू द्या, मग लांबून, कमी वेगाने. हीट गन वापरणार असाल तर आधी प्लास्टिकचा मास्क उचला. गरम हवेने तो वाकतो आणि पुन्हा कधीच सपाट बसत नाही.

कागद वाळल्यावर वाकडा झाला तर मागच्या बाजूला साध्या पाण्याचा हलका फवारा द्या, दोन्ही बाजूंना बटर पेपर ठेवा आणि जड पुस्तकांखाली रात्रभर दाबा. टपोरा थेंब नको तिथे पडला आणि ओला असेल तर टिश्यूचं टोक त्याला नुसतं टेकवा, तो वर ओढला जातो. वाळून गेला असेल तर त्याच्या शेजारी आणखी दोन थेंब मुद्दाम पाडा. एकटा थेंब डाग दिसतो, तीन थेंब ठरवून केलेले दिसतात. रंग मातकट झाला तर त्या भागावर जेसो लावून पुन्हा सुरुवात करता येते, पण डाय असेल तर तो जेसोतूनही थोडा वर येतो. दोन हात द्यावे लागतात.

पांढऱ्या कागदावर सोनेरी चमक फिकी वाटत असेल तर बाटलीचा दोष समजू नका. पांढऱ्यावर सोनेरी रंग समोरून जवळजवळ हळदीच्या डागासारखा दिसतो. तोच गडद निळ्या किंवा काळ्या कार्डस्टॉकवर मारून पाहा. रात्रीच्या फोटोंसाठी, दिवाळीतल्या पणत्यांच्या किंवा गणपती विसर्जनाच्या, काळ्या कागदावर सोनेरी स्टेन्सिल मला सगळ्यात शोभून दिसतं असं वाटतं. तिथे बाकी एकही रंग लागत नाही.

फोटो लावताना आणि नंतर

फोटो सगळ्यात शेवटी. फोटो लावलेल्या पानावर पुन्हा स्प्रे मारायचा नाही, मास्क ठेवूनसुद्धा नाही. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला फोटो असेल तर एका थेंबानेही त्याची शाई पसरू शकते. लॅबमधून काढलेला फोटो थोडं पाणी सहन करतो, पण अभ्रकाचा कण त्यावर बसला आणि तुम्ही तो पुसायला गेलात की ओरखडा येतो. फोटोमागे एक-दोन मिलिमीटरची कड सोडून साध्या कार्डस्टॉकची चौकट लावा. चमकणाऱ्या पानापासून फोटो वेगळा दिसायला ती लागतेच. जांभळ्या पानावर मी पांढरी किंवा राखाडी घेते, चमकणारी कधीच नाही.

डायने केलेल्या पानावर फोटो लावण्याआधी ॲक्रिलिक मॅट फिक्सेटिव्हचा पातळ फवारा दिला तर रंग बांधला जातो. गच्चीत किंवा बाल्कनीत द्या, त्याचा वास बंद खोलीत सहन होत नाही. चमक किंचित कमी होते, हे मान्य करून द्यायचा. पान पूर्ण झाल्यावर एक दिवस उघडं राहू द्या आणि मगच पाकिटात घाला. पाकीट पॉलिप्रॉपिलीनचं घ्या. पीव्हीसीचं स्वस्त मिळतं, पण त्यातून सुटणारे पदार्थ कालांतराने फोटो खराब करतात आणि आपल्या दमट हवेत फोटो त्याला चिकटूनही बसतो. डायचे रंग उन्हात उडतात, त्यामुळे असं पान फ्रेम करून खिडकीसमोर लावू नका. अल्बममध्ये बंद राहिलं की बराच काळ टिकतं.

उठण्याआधी शेवटचं काम बाटल्यांचं. प्रत्येक बाटलीचा पंप काढून साध्या पाण्याच्या ग्लासात बुडवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत दाबा. ती नळी बाटलीत तशीच महिनाभर राहिली तर तळाचं अभ्रक तिच्या तोंडात घट्ट बसतं. बरेच दिवस काम नसेल तर बाटल्यांना साधी झाकणं लावून त्या उभ्या ठेवा आणि पंप वेगळ्या डबीत. तुंबलेलं नोझल गरम पाण्यात भिजवून, बारीक सुईने मोकळं होतं. मास्क धुऊन, दोन वर्तमानपत्रांमध्ये सपाट वाळत घाला. धुवायच्या आधी त्यांवरचा उरलेला रंग एखाद्या कोऱ्या कागदावर दाबून घ्यायला विसरू नका, पुढच्या पानाची पार्श्वभूमी त्यातूनच तयार होते.